पिवळा दिवा आणि मधले तेरा मीटर

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेत पिवळ्या दिव्यावरचा प्रश्न सहसा कुणी चुकत नाही. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जा आणि पिवळा म्हणजे वेग कमी करून थांबा, एवढं शाळेतली मुलंही सांगतात. रस्त्यावर मात्र हाच दिवा सर्वांत जास्त घोळ घालतो. लाल दिव्यापुढे चालकाला काही ठरवायचं नसतं, हिरव्यापुढेही फारसं नसतं. पिवळ्यापुढे ठरवावं लागतं, तेही एका सेकंदात, चालत्या गाडीत, मागेपुढे वाहनं असताना.

नियमालाही हे ठाऊक आहे. रस्त्यावरच्या खुणा आणि सिग्नल यांच्याबद्दल १९६८ साली व्हिएन्नात एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतानेही तो स्वीकारला आहे. त्यात पिवळ्याचा अर्थ दोन भागांत सांगितला आहे. पिवळा लागला की थांबण्याच्या रेषेअलीकडे थांबायचं. पण दिवा लागला त्या क्षणी गाडी रेषेच्या इतकी जवळ असेल की सुरक्षितपणे थांबताच येणार नाही, तर पुढे जायचं. परीक्षेत आपण यातला पहिला भाग पाठ करतो. सगळी अडचण दुसऱ्या भागात आहे. ‘इतकी जवळ’ म्हणजे किती मीटर? हे अंतर रस्त्यावर कुठे रंगवलेलं नसतं आणि ते प्रत्येक गाडीचं वेगळं असतं.

ते काढून पाहू. समजा रस्ता सपाट आणि कोरडा आहे, ब्रेक चांगले आहेत आणि गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. या वेगात गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पिवळा लागला. तो दिसून, थांबायचं ठरून, पाय ब्रेकवर पोचेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. सिग्नलची वेळ ठरवणारे अभियंतेही एकच सेकंद धरतात. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १७ मीटर संपले. पुढे आतली माणसं पुढच्या सीटवर आपटणार नाहीत आणि मागच्या गाडीची धांदल उडणार नाही अशा बेताने ब्रेक लावला, तर वेग दर सेकंदाला ताशी ११ किलोमीटरच्या आसपास उतरतो. त्या हिशेबाने ६० वरून शून्यावर यायला आणखी ४६ मीटर लागतात. एकूण झाले ६३.

आता दुसरी बाजू. न थांबता त्याच वेगाने निघून जायचं ठरवलं, तर तीन सेकंदांच्या पिवळ्यात गाडी ५० मीटर जाते. म्हणजे पिवळा लागला तेव्हा तुम्ही रेषेपासून ५० मीटरच्या आत असाल तर लाल व्हायच्या आत रेषा ओलांडता. ६३ मीटरच्या पलीकडे असाल तर सावकाश थांबता. आणि ५० ते ६३ यांच्या मधे असाल तर? थांबायला जागा पुरत नाही आणि जायला वेळ पुरत नाही. शहरातली एक बस जेमतेम मावेल एवढा हा तेरा मीटरचा पट्टा आहे. त्यात सापडलेल्या चालकाने कचकन ब्रेक मारला तर मागचा येऊन आदळण्याची भीती, आणि तो पुढे गेला तर सिग्नल तोडल्याचं चलान. बेफिकीर नसलेला, नियम पाळू पाहणारा माणूसही इथे अडकतो.

ही अडचण जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या तिघांनी १९६० साली गणितात मांडली. डेनोस गाझिस, रॉबर्ट हर्मन आणि अलेक्सी मॅराड्यूडिन ही त्यांची नावं. यांतले हर्मन खगोलशास्त्रातही मोठे मानले जातात. विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेचे अवशेष आजही अवकाशात सापडतील, असं भाकीत त्यांनी राल्फ आल्फर यांच्याबरोबर १९४८ मध्ये केलं होतं आणि पुढे ते खरं ठरलं. अशा दर्जाच्या माणसाला चौकातल्या एका दिव्यावर वेळ घालवावासा वाटला, यावरूनच या प्रश्नाचं वजन कळावं. तिघांनी दाखवून दिलं की पिवळ्याची वेळ, रस्त्यावरचा वेग आणि कायदा यांचा मेळ बसत नसेल, तर सिग्नल चालकाकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा करत असतो. चालकाची नियत कितीही चांगली असली तरी त्याचा उपयोग होत नाही.

आता तेच गणित ताशी ४० किलोमीटरला करून पाहा. विचाराच्या एका सेकंदात ११ मीटर, ब्रेकखाली सुमारे २१ मीटर, एकूण ३२. तीन सेकंदांत पार होणारं अंतर ३३ मीटर. मधला पट्टा नाहीसा झाला! रेषेपासून तुम्ही कुठेही असा, थांबणं किंवा जाणं यांपैकी एक गोष्ट नेहमी जमते. वेग वाढला की तीन सेकंदांत कापलं जाणारं अंतर त्याच प्रमाणात वाढतं. ब्रेकखाली जाणारं अंतर मात्र वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दीडपट झाला की ते सव्वादोनपट होतं. म्हणून ४० ला जुळणारा हिशेब ६० ला तुटतो. पिवळा लागल्यावर कोण काय करणार हे बरंचसं दिवा लागण्याआधीच ठरलेलं असतं. आपण चौकाकडे कोणत्या वेगाने येत होतो, त्यावर ते अवलंबून असतं.

हा रंग रस्त्यावर रेल्वेकडून आला आणि येताना त्याचं काम थोडं बदललं. आधीच्या काळी रेल्वेत लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे जपून आणि पांढरा म्हणजे रस्ता मोकळा, अशी पद्धत होती. पांढऱ्यात मोठा धोका होता. लाल भिंग फुटून पडलं तर मागचा दिवा पांढरा दिसायचा, म्हणजे ‘थांबा’चं आपोआप ‘जा’ व्हायचं. म्हणून पुढे मोकळ्या रस्त्यासाठी हिरवा आणि सावधगिरीसाठी पिवळा ठरला. रेल्वेचा पिवळा सांगतो की पुढचा सिग्नल लाल आहे, गाडी आवरत चला. तो लाल सिग्नलच्या इतका अलीकडे उभा असतो की गाडी थांबवायला पुरेसं अंतर हाती राहावं. देशातले पहिले स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल १९२८ साली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या बोरीबंदर ते भायखळा या मार्गावर लागले. आज लोकलच्या पहिल्या डब्यात बसणारा मोटरमन पिवळा पाहतो तेव्हा त्याला ‘जाऊ की थांबू’ असा प्रश्न पडत नाही. पिवळा ओलांडून पुढे जायचं आणि लालपाशी थांबायचं, हे ठरलेलं असतं आणि मधली जागा रुळांवर मोजून ठेवलेली असते.

रस्त्यावरचे पहिले सिग्नल पिवळ्याविनाच होते. लंडनला ब्रिटिश संसदेजवळ डिसेंबर १८६८ मध्ये गॅसवर चालणारा लाल-हिरवा सिग्नल उभा राहिला. तो सुचवणारे जॉन पीक नाइट रेल्वेतलेच. जानेवारी १८६९ च्या सुरुवातीला गॅस गळून स्फोट झाला, तो चालवणारा पोलिस जखमी झाला आणि प्रयोग थांबला. ५ ऑगस्ट १९१४ रोजी अमेरिकेत क्लीव्हलंडच्या युक्लिड अॅव्हेन्यूवर विजेचा सिग्नल सुरू झाला. त्यातही दोनच रंग होते, पण दिवा बदलण्याआधी एक बझर वाजायचा. म्हणजे मधली सूचना हवी हे तेव्हाच कळलं होतं. ती कानाला द्यायची की डोळ्याला, एवढंच ठरायचं होतं. १९२० मध्ये डेट्रॉइटचे पोलिस अधिकारी विल्यम पॉट्स यांनी रेल्वेचे तीनही रंग घेऊन चारी दिशांना दिसणारा सिग्नल बनवला आणि पिवळा चौकात आला.

पण लाल दिव्याच्या शेकडो मीटर अलीकडे पिवळ्याचा वेगळा खांब उभा करणं शहराच्या रस्त्यावर शक्य नव्हतं. पिवळा लालच्याच खांबावर बसला. रेल्वेत त्याने मोटरमनला अंतर दिलं होतं. इथे त्याने वेळ दिला. त्या वेळेचं अंतर करायचं काम प्रत्येक चालकाच्या डोक्यावर आलं, ज्याच्या-त्याच्या वेगाप्रमाणे. मला वाटतं, पिवळ्याबद्दलच्या सगळ्या गोंधळाचं मूळ या बदलात आहे.

मग हा वेळ किती द्यायचा? गाझिस आणि मंडळींच्या गणितातून निघालेलं सूत्र सोपं आहे. विचाराचा एक सेकंद घ्यायचा आणि त्यात ब्रेकखाली जाणाऱ्या वेळेचा निम्मा भाग मिळवायचा. आपण वर धरलेल्या ब्रेकने ४० च्या वेगाला उत्तर येतं २.९ सेकंद, ५० ला ३.३, ६० ला ३.८ आणि ८० ला ४.७. जर्मनीत याच चालीचे ठोकळ आकडे नियमातच आहेत: ५० ला तीन सेकंद, ६० ला चार, ७० ला पाच. अमेरिकेत तीन ते सहा सेकंदांची मुभा आहे. ब्रिटनने सगळीकडे सरसकट तीन सेकंद ठेवले आहेत. रस्ता उताराचा असेल तर ब्रेकचं काम जड होतं. शंभर मीटरला पाच मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर ६० च्या वेगाला अर्धा सेकंद जास्त लागतो. अर्धा सेकंद ऐकायला किरकोळ वाटतो, पण त्या वेगात तो आठ मीटरचा आहे.

पिवळा अपुरा असेल तर काय होतं आणि पुरेसा केला तर काय होतं, हे फिलाडेल्फियात मोजलं गेलं आहे. तिथल्या रूझवेल्ट बुलेव्हार्डवरच्या काही सिग्नलांवर पिवळा साधारण एका सेकंदाने वाढवला. सिग्नल तोडण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. पोलिस वाढवले नव्हते की दंड वाढवला नव्हता. त्यानंतर कॅमेरे बसवले, तेव्हा उरलेल्यांपैकीही ९६ टक्के सिग्नल तोडणं थांबलं. या दोन आकड्यांचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्यांना थांबणं शक्यच नव्हतं त्यांना आधी वेळ मिळाला, आणि मग ज्यांना शक्य असूनही थांबायचं नव्हतं त्यांना कॅमेऱ्याने गाठलं. कॅमेरा आधी बसवला असता तर पहिल्या गटातली माणसं विनाकारण दंड भरत बसली असती.

असा दंड अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या बीव्हर्टन गावी एका घरात आला आणि त्यातून मोठं प्रकरण झालं. २०१३ मध्ये मॅट्स यार्लस्ट्रॉम यांच्या पत्नीला कॅमेऱ्याने टिपलेलं चलान मिळालं. यार्लस्ट्रॉम स्वीडनमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले. त्यांनी सूत्र तपासलं आणि त्यात एक उणीव शोधली. सूत्र धरून चालतं की पुढे जाणारी गाडी एकाच वेगाने रेषा ओलांडते. पण वळणाऱ्या गाडीला चौकात शिरण्याआधी वेग कमी करावाच लागतो. ती रेषेपर्यंत उशिरा पोचते आणि तिला पिवळा कमी पडतो. यार्लस्ट्रॉम हे जाहीरपणे मांडू लागले, तेव्हा राज्याच्या अभियांत्रिकी मंडळाने परवान्याशिवाय अभियंत्याचं काम केल्याबद्दल त्यांना ५०० डॉलर दंड केला. ते न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मूळ सूत्राच्या जनकांपैकी मॅराड्यूडिन यांनीही त्यांचं म्हणणं उचलून धरलं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत वळणाऱ्या गाड्यांचा हिशेब घेतला. साठ वर्षांपूर्वी मांडलेलं सूत्र एका चिकाटीच्या नागरिकामुळे दुरुस्त झालं.

हे सगळं गणित एकसारख्या मोटारींचं आहे. आपल्या चौकात एकाच वेळी स्कूटर, रिक्षा, टेम्पो, मोटार, शहर बस आणि वाळूचा डंपर असतो आणि पिवळा सगळ्यांना एकच मिळतो. बसचंच बघा. आत माणसं दांडीला धरून उभी असतात. त्यांना न पाडता थांबायचं तर चालकाला मोटारीच्या निम्म्या जोरानेच ब्रेक लावता येतो. ४० च्या वेगाला बसला थांबायला ५२ मीटर लागतात आणि तीन सेकंदांत ती जाते ३३ मीटर. मोटारवाल्याचा जो पट्टा ४० ला नाहीसा झाला होता, तो बसचालकाला १९ मीटरचा उरतो. म्हणून जाणता बसचालक हिरवा असतानाच चौकाच्या अलीकडे गाडी हळू करतो. मागचे लोक हॉर्न वाजवून त्याला हैराण करतात. त्याने पंचवीस-तीस उभ्या माणसांचा तोल सांभाळलेला असतो, आणि मला तो चौकातला सर्वांत शहाणा माणूस वाटतो.

पावसाचाही असाच हिशेब आहे. पहिल्या सरीनंतर रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून निसरडा थर तयार होतो, आणि घासलेल्या टायरला तो अजिबात दाद देत नाही. ब्रेक दोन-तृतीयांश जोराने लावायचा असं धरलं, तर ४० ला थांबायचं अंतर ३२ वरून ४२ मीटरवर जातं आणि नऊ मीटरचा पट्टा पुन्हा उघडतो. वेग ३० वर आणला की तो जवळजवळ मिटतो. पावसाळ्यात चौकाजवळ चाळीसचे तीस करायचे, यामागे एवढं सरळ कारण आहे.

दुचाकीवाल्याची अडचण आणखी वेगळी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची आहे, पण त्याआधीच्या कितीतरी गाड्या अजून रस्त्यावर आहेत. त्यांचा पुढचा ब्रेक घाईत दाबला तर चाक अडकतं आणि गाडी घसरून माणूस पडतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं दगावली, आणि त्यांत दुचाकीवरच्यांचा वाटा ४४ टक्क्यांहून अधिक होता.

एखाद्या वर्दळीच्या चौकात संध्याकाळी फुटपाथवर उभं राहून एकच पिवळा नीट पाहावा. पहिल्या सेकंदात काहीच घडत नाही. सगळी वाहनं होती तशीच पुढे सरकतात, कारण दिवा अजून डोळ्यांतून पायापर्यंत पोचलेला नसतो. दुसऱ्या सेकंदाला पुढची रिक्षा मूठ सोडते. तिच्या मागच्या स्कूटरवाल्याने मात्र जायचं ठरवलेलं असतं. रिक्षाही जाणार असं तो धरून चाललेला असतो, आणि ती मंदावलेली दिसताच डावीकडून कट मारतो. याच वेळी समोरून आलेली आणि उजवीकडे वळण्यासाठी चौकाच्या मध्यावर खोळंबलेली मोटार हलते. समोरची वाहनं आता थांबणार, असा तिच्या चालकाचा अंदाज असतो. रिक्षा थांबताना त्याला दिसते, रिक्षाच्या आडून येणारी स्कूटर दिसत नाही. तिसऱ्या सेकंदाला आडव्या रस्त्यावरचे लोक झेब्रा पट्टे ओलांडून पुढे सरकलेले असतात. त्यांची नजर आपल्या लाल दिव्यावर नसते. समोरच्यांचा पिवळा झाला म्हणजे आपला सुटणार, हे त्यांना पाठ असतं. या तीन सेकंदांत चौघांनी चार वेगवेगळे अंदाज बांधले आणि प्रत्येकाचा अंदाज दुसऱ्याच्या वागण्यावर उभा होता. चौकातला अपघात अनेकदा असा होतो.

रिक्षा आणि स्कूटर यांची जोडी इथे नीट समजून घ्यायला हवी. वेग कमी असतो तेव्हा काही अंतरावर थांबणं आणि जाणं दोन्ही शक्य असतं. हा पट्टा सोयीचा खरा, पण पुढचा थांबणं निवडतो आणि मागचा जाणं, आणि मग मागून धडक बसते. चालक प्रत्यक्षात काय करतात हे मोजणाऱ्या अभ्यासांत असं आढळलं आहे, की रेषा अडीच ते साडेपाच सेकंदांवर असताना पिवळा लागला तर लोकांचं एकमत होत नाही. अडीचच्या आत जवळजवळ सगळे जातात आणि साडेपाचच्या पलीकडे जवळजवळ सगळे थांबतात. मधल्या भागात पुढच्या गाडीचा भरवसा धरू नये. चौक जवळ आला की पुढच्या गाडीपासूनचं अंतर वाढवायचं ते यासाठी.

लाल लागल्यावरही चौकात शिरलेल्या गाड्या बाहेर पडायच्या असतात. तीस मीटर रुंद चौक ४० च्या वेगाने ओलांडायला पावणेतीन सेकंद लागतात. म्हणून एका बाजूचा लाल लागल्यावर लगेच दुसऱ्या बाजूचा हिरवा न देता, दोन-तीन सेकंद सगळीकडे लाल ठेवण्याची पद्धत आहे. गॅरेट मॉर्गन यांनी १९२३ मध्ये पेटंट मिळवलेल्या हाताने फिरवायच्या सिग्नलमध्येही सगळ्या दिशा काही क्षण रोखून धरायची सोय होती. गंमत अशी, की ही सोय माहीत झालेले लोकच तिचा फायदा घेऊ लागतात. लाल लागून एक सेकंद झाला तरी समोरचे सुटलेले नसतात, म्हणून आणखी दोघे-तिघे घुसतात. मग आडव्या रस्त्यावरचा उतावळा आपला दिवा हिरवा व्हायच्या आत निघतो, आणि राखून ठेवलेली ती जागा दोन्ही बाजूंनी खाल्ली जाते.

आकडे उलटे मोजणाऱ्या टाइमरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. लाल दिव्यावर तो उपयोगी असेल; किती थांबायचं ते कळतं, इंजिन बंद करता येतं. हिरव्यावरचा आकडा मात्र लांबून येणाऱ्याला शर्यतीचं निमंत्रण देतो. टोरांटोत पादचाऱ्यांसाठी असे आकडे बसवले, त्याचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पादचाऱ्यांना धडक बसण्याचं प्रमाण कमी झालं, पण वाहनांच्या टकरी धरून एकूण अपघात सुमारे ५ टक्क्यांनी वाढले. ते आकडे चालकांनाही दिसत होते आणि ते पाहून चालक वेग वाढवत होते. आकडा तीन असताना ८० मीटरवरून मूठ पिळणारा दुचाकीस्वार तीन सेकंदांत चौकाशी पोचतो तो ताशी शंभराच्या घरात, आणि नेमका तेव्हा दिवा बदलत असतो.

डावीकडे वळणं नेहमीच मोकळं असतं, हा आपल्याकडचा पक्का समज आहे आणि तो चुकीचा आहे. तशी पाटी किंवा हिरवा बाण असेल तिथेच ते मोकळं असतं. एरवी लाल हा डावीकडे वळणाऱ्यालाही लालच असतो, कारण त्याच वेळी त्या कोपऱ्यावरून पादचारी रस्ता ओलांडत असतात. सावकाश चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वीस मीटर रुंद रस्ता ओलांडायला वीस-बावीस सेकंद लागतात. कोपऱ्यावर एक गाडी आडवी आली की त्याचे चार-पाच सेकंद जातात आणि उरलेला रस्ता तो सुटलेल्या गाड्यांसमोर चालतो. रात्री पिवळा लुकलुकत असेल तर तिथे कुणालाच थांबवलेलं नसतं, म्हणजे कुणाला मोकळाही केलेला नसतो. वेग कमी करून, दोन्हीकडे पाहून जायचं. लुकलुकणारा लाल असेल तर आधी पूर्ण थांबायचं आणि मग निघायचं.

गाडी चालवताना एवढं गणित कोण करणार, असं कुणीही म्हणेल. ते करावं लागत नाही. लांबून दिसलेला हिरवा आपण आल्यापासून हिरवाच असेल, तर तो आता केव्हाही बदलणार असं धरून पाय अॅक्सिलरेटरवरून उचलायचा आणि ब्रेकवर नुसता ठेवायचा. विचाराचा जो एक सेकंद जातो, त्यातला बराचसा यानेच वाचतो. आरशात एकदा बघून घ्यायचं, म्हणजे मागे डंपर चिकटला आहे की जागा मोकळी आहे हे आधीच ठाऊक असतं. मग रेषेच्या अलीकडची एक खूण मनात धरायची: दुभाजकावरचा खांब, झाड, दुकानाची पाटी. चाळीसच्या वेगाला ही खूण तीसेक मीटरवर हवी. पिवळा लागला तेव्हा खूण मागे पडली असेल तर जायचं, पुढे असेल तर थांबायचं. एकदा ठरवलं की बदलायचं नाही. अर्धवट ब्रेक मारून पुन्हा वेग वाढवणारे सर्वांत वाईट अडकतात, कारण त्यांच्या हातातला वेळही गेलेला असतो आणि वेगही.

थांबून पुन्हा निघतानाही तोच विचार. हिरवा मिळाला म्हणून चौक रिकामा झाला असं नाही. पहिल्या रांगेत असाल तर आधी उजवीकडे, मग डावीकडे पाहून निघा. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे आडव्या रस्त्यावरून घुसलेली गाडी आधी उजवीकडून येते. शेजारी बस किंवा ट्रक उभा असेल आणि तो हलत नसेल, तर त्याच्या चालकाला उंचावरून काहीतरी दिसतंय असं समजा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

चालकाने एवढं करूनही पिवळाच अपुरा असेल तर काम अर्धवट राहतं. कायद्याने चालकाची बाजू घट्ट बांधली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये लाल दिवा तोडणं हे धोकादायक वाहन चालवणं म्हणून नोंदलं आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. सिग्नलची बाजू तपासणं मात्र नागरिकालाही जमण्यासारखं आहे. फुटपाथवर उभं राहून मोबाइलवर सिग्नलचं चित्रण करा, चार-पाच फेऱ्यांचं. घरी ते सावकाश चालवून पिवळा लागल्यापासून लाल लागेपर्यंतचा वेळ मोजा. त्या रस्त्यावरच्या वेगमर्यादेची पाटी पाहा. ४० ला तीन सेकंद पुरतात, ५० ला सव्वातीनहून थोडे जास्त हवेत, ६० ला पावणेचार, ८० ला पावणेपाच. उतार असेल तर त्यावर आणखी. कमी भरले तर चौकाचं नाव, दिशा, तारीख, वेळ आणि मोजलेले सेकंद लिहून वाहतूक शाखेला आणि महापालिकेच्या पथ विभागाला अर्ज द्या, सोबत चित्रण जोडा. चारही बाजू वेगवेगळ्या मोजा. पुलावरून उतरणारी बाजू आणि सपाट बाजू यांना एकच पिवळा दिलेला असेल, तर अर्जात सर्वांत वर तीच गोष्ट लिहा.